परगावच्या भुकेल्यांचे अन्नदाते : श्री संत गाडगे महाराज

थोर पुरुषांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. कोणी राज्ये स्थापिली, कोणी ग्रंथ रचिले, कोणी देशासाठी तुरुंगवास सोसला. त्या सर्वांस आमचे वंदन असो. परंतु परक्या शहरात उतरलेला गरीब मनुष्य आज दुपारी काय खाईल, एवढ्या लहान दिसणाऱ्या प्रश्नासाठी ज्याने पन्नास वर्षे देह झिजविला, असा सत्पुरुष विरळा. श्री संत गाडगे महाराज हे असे सत्पुरुष होत. ते आपल्या परीट ज्ञातीत जन्मास आले याचा आपणांस अभिमान वाटणे साहजिक आहे. तथापि त्यांच्या स्वच्छतेच्या कार्याचे जेवढे गुणगान दरवर्षी जयंतीस होते, तेवढे त्यांच्या अन्नविषयक कार्याचे होत नाही. यंदाच्या स्मरणिकेत ती बाजू ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

विषय आपणांस जवळचा आहे. आपली साकोली मुंबई-कलकत्ता महामार्गावर वसलेली. येथून भंडारा ओलांडून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर पडते. घरात दुखणे वाढले, की येथील मनुष्य नागपूरच्या मेडिकलची वाट धरतो. दुखणे त्याहून कठीण निघाले, तर मुंबईस टाटा रुग्णालयात जाण्याचा सल्ला मिळतो. रुग्णास तेथे खाट मिळते, औषध मिळते, वेळेवर पेजपाणीही मिळते. त्याच्या सोबत गेलेल्या दोन माणसांचे काय? रोज दोन वेळा हॉटेलात जेवणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे असते. म्हणून कित्येक जण चहा-बिस्किटांवर दिवस ढकलतात आणि रुग्ण उठून बसण्याच्या सुमारास स्वतः अंथरूण धरतात. औषधाचा हिशेब घरून निघतानाच केलेला असतो. जेवणाचा कोणी केलेला नसतो. शेवटी तेवढ्यासाठी कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांस गाडगे महाराजांच्या चरित्राचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

महाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील, सध्याच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी, मातुश्रींचे सखुबाई व आडनाव जानोरकर. घरची स्थिती बेताची होती आणि त्यात वडिलांस मद्याचे व्यसन जडले. त्या व्यसनानेच झिंगराजींचा अंत झाला, तेव्हा डेबूजी लहान बालक होते. सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे आजोबा व मामा यांच्या छत्राखाली डेबूजी वाढले. गुरे राखावी, पूर्णेच्या पात्रात पोहावे, मामांच्या शेतात राबावे आणि रात्री भजनात बसावे, असा त्यांचा दिनक्रम असे. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. मद्याने बाप गेला, ऋणाने शेत गेले. या दोन घावांचे व्रण त्यांच्या मनावर जन्मभर राहिले. त्यांच्या पुढील सर्व उपदेशाचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. यथाकाल कन्या जन्मास आली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बारशास भाऊबंदांना मद्य व मांस यांचे जेवण घालावे लागे. बोकड आणण्यास पैसा नसला तर कर्ज काढावे, पण पंगत चुकवू नये, अशी समजूत होती. डेबूजींनी ही प्रथा मोडली. त्यांनी आलेल्या मंडळींस शुद्ध शाकाहारी गोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांत मोठी कुजबूज झाली. पुष्कळांस तो अपमान वाटला. डेबूजी डगमगले नाहीत. ज्या जेवणासाठी घर गहाण पडते ते जेवण नव्हे, ही गोष्ट त्यांनी भाषण न करता केवळ पानात काय वाढले त्यावरून दाखवून दिली. स्वस्त, सात्त्विक व निर्भेळ अन्नाच्या त्यांच्या कार्याचा आरंभ एका बारशाच्या पंगतीत झाला, हे आपण ध्यानी ठेवावे.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घराचा त्याग केला. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका हातात काठी व दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार उरला. या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. या पात्राचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. त्या काळी परगावी गेलेल्या मनुष्यास अन्नापूर्वी भांड्याचा प्रश्न पडे. कोणाच्या लोट्यातून पाणी प्यावे, कोणाच्या ताटात जेवावे, आपण जेवलेले ताट कोण घासणार, या प्रश्नांत जातीची सारी उतरंड उभी असे. बाबांनी आपले पात्र आपल्या हाती ठेविले आणि तो प्रश्नच मिटविला. ज्या घरी भाकर मिळेल त्या घरची घ्यावी, त्याच गाडग्यात कालवण घ्यावे, त्यातच पाणी प्यावे आणि ते धुऊन पुढचा रस्ता धरावा. आपली जात सांगण्याचेही ते टाळीत.

भाकर मात्र ते फुकट घेत नसत. गावात शिरताच ते खराटा हाती घेत, रस्ते व गटारे झाडून काढीत आणि मग कोरभर भाकर मागून घेत. कोणी मिष्टान्न पुढे केले तर ते नाकारीत. चटणी-भाकर, किंवा फार तर झुणका, हे त्यांचे पक्वान्न. हा केवळ वैराग्याचा प्रकार होता असे आम्हांस वाटत नाही. ज्वारीची भाकर, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, कांदा व हिरवी मिरची यांत श्रमिकाच्या देहास लागणारे पुष्कळसे सत्त्व येते. धान्य व डाळ एकत्र खाल्ली असता एकीतील उणीव दुसरीने भरून निघते, असे आहारशास्त्र आज सांगते. आपल्याकडे ज्यास आपण बेसन-भाकर म्हणतो, ती महाग हॉटेलातील तेलकट भाजीपेक्षा पोटास हलकी, खिशास सोपी आणि शरीरास हितकर असते. निरक्षर बाबांस हे शास्त्र ठाऊक नसेल. परंतु ते अन्न रोज खाऊन त्यांनी शेकडो कोस पायी तुडविले, हे प्रमाण काही लहान नव्हे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. यात्रेकरूंचे हाल पाहून बाबांनी तेथे घाट बांधविला, स्वतः श्रम केले आणि यात्रेत अंध, पंगू व अनाथ यांस अन्नदान सुरू केले. यात्रेच्या गर्दीत धडधाकट मनुष्य कोठेही चार घास मिळवितो. ज्यास दिसत नाही वा चालवत नाही, तो उपाशी राहतो. म्हणून पहिले पान त्याचे, असा बाबांचा दंडक होता.

ऋणमोचनानंतर बाबांची दृष्टी पंढरपुराकडे वळली. आषाढी-कार्तिकीस ते लहान गाव मोठ्या शहराहून मोठे होते. सधन यात्रेकरू बडव्यांच्या वा ओळखीच्यांच्या घरी उतरत; अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस मात्र वाळवंटाखेरीज आसरा नसे. १९१७ च्या सुमारास बाबांनी तेथे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारण्यास आरंभ केला. पुढे मराठा, परीट इत्यादी इतर ज्ञातींच्या लोकांसाठीही तेथे धर्मशाळा झाल्या. नाशिक, देहू, आळंदी येथेही बाबांच्या प्रयत्नाने अशा वास्तू उभ्या राहिल्या. हॉटेल, उपाहारगृह वा धर्मशाळा यांत कोणासही जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने ठरविले आणि १९५५ च्या अस्पृश्यता-निवारण कायद्याने तो दंडनीय अपराध झाला. बाबांनी आपले काम त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी, केवळ लोकवर्गणीच्या बळावर केले. ही चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

धर्मशाळा म्हणजे काय, हे नव्या पिढीस कदाचित ठाऊक नसेल. तेथे डोक्यावर छप्पर मिळते, पाणी मिळते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूल पेटविण्यास जागा मिळते. ज्यास आपल्या हाताने भात शिजविता येतो आणि ज्याच्या गाठोड्यात दोन शेर तांदूळ आहेत, त्यास शहर उपाशी मारू शकत नाही. अन्न विकत घेण्यापेक्षा शिजवून खाणे नेहमीच स्वस्त पडते. परंतु परक्या शहरात शिजवावे कोठे? रस्त्यावर तीन दगड मांडून चूल पेटविली तर हुसकून देतात. बाबांनी शहरातील गरिबास ती चुलीची जागा मिळवून दिली. ज्यास तेही शक्य नाही त्याच्यासाठी सदावर्त. इतकी साधी ही योजना आहे, आणि ती इतकी परिपूर्ण आहे की तीत आणखी काय भर घालावी हे आम्हांस सुचत नाही.

मोठ्या शहरात आपल्या रीतीचे अन्न मिळविणे मोठमोठ्यांसही सोपे गेलेले नाही. महात्मा गांधी १८८८ साली विद्यार्थी म्हणून लंडनास गेले, तेव्हा मांस न खाण्याचे वचन मातुश्रींस देऊन गेले होते. वसतिगृहात व यजमानांच्या घरी त्यांचे पोट भरेना. शाकाहारी खाणावळ शोधीत ते रोज कित्येक मैल पायी हिंडत. अखेरीस फॅरिंग्डन रस्त्यावर त्यांस तशी खाणावळ सापडली आणि त्या दिवशी ते तृप्त झाले. पुढे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी एकच खोली घेऊन सकाळ-संध्याकाळचे अन्न स्वतः शिजविण्यास प्रारंभ केला. बॅरिस्टर होऊ घातलेल्या तरुणाची ही कथा. मग खेड्यातून मुंबईस उतरलेल्या निरक्षर शेतकऱ्याची अवस्था काय होत असेल?

ती अवस्था बाबांनी मुंबईत डोळ्यांनी पाहिली. गिरण्यांच्या त्या नगरीत कामकऱ्यांस खाणावळी होत्या, कारकुनांस उपाहारगृहे होती. पण ज्यास तेथे नोकरी नाही, ओळख नाही, केवळ आजारी मुलास वा पत्नीस इस्पितळात दाखल करून जो दाराशी बसला आहे, त्याचे कोणीच नव्हते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालेले. तेथे सर्व मुलखातून रुग्ण येत. त्यांचे नातेवाईक पदपथावर निजत आणि मिळेल ते खात. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. बाबांचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते. तीर्थक्षेत्री देवाच्या दर्शनास येणारा व शहरात औषधासाठी येणारा हे दोघेही बाबांच्या लेखी सारखेच यात्रेकरू होते. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचा कळस हाच होय.

बाबांच्या घरच्या सुखदुःखाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारला. ती वार्ता कीर्तन चालू असता त्यांच्या कानी आली; तथापि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. त्या कीर्तनांतून ते लोकांस काय सांगत? देवापुढे प्राणी मारू नका, दारू पिऊ नका, ऋण काढून सण करू नका, तेरवीच्या पंगतीत घर बुडवू नका. वेळप्रसंगी घरातील ताट मोडावे, भाकर हातावर घेऊन खावी, पण मुलांस शाळेत घालावे. सोपी वऱ्हाडी बोली, प्रश्नोत्तराची रीत आणि मध्ये मध्ये हास्याचे फवारे, यांमुळे हजारो लोक तासन्‌तास बसून राहत. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. त्यांतील पै-पैचा विश्वस्तांमार्फत विनियोग झाला आणि बाबांच्या हाती शेवटपर्यंत गाडगेच राहिले.

दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेविला. झाडाखाली, नदीकाठी, धर्मशाळेच्या ओट्यावर ज्याने आयुष्य घालविले, त्यास मरणही रस्त्यावरच यावे, यात काही विलक्षण औचित्य आहे. त्यांची समाधी अमरावतीस आहे.

बाबांच्या मागे त्यांचे नाव सरकारने व समाजाने मोठे केले. २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पुरुषाचे नाव विद्यापीठास लाभले, हे पाहून आमच्यासारख्या शिक्षकाचे मन भरून येते. अन्नाचे कार्यही थांबले नाही. मुंबईत दादर येथे १९८४ पासून मिशनची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांस व त्यांच्या नातलगांस आश्रय देत आली आहे. १९९५ साली राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आरंभिली. ती पुढे बंद पडली. २०२० साली दहा रुपयांत पोळी, भाजी, वरण व भात देणारी शिवभोजन योजना निघाली. सरकारी योजना निघतात व मोडतात. लोकांच्या वर्गणीची चूल मात्र, लोकांची इच्छा असेल तोवर, विझत नाही.

आता दोन शब्द व्यवहाराचे. नोकरीच्या काळात आम्ही पुष्कळ वेळा विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन नागपुरास व त्याहून दूर गेलो आहोत. पन्नास मुलांस अल्प खर्चात जेवू घालून एकासही आजारी न पाडता परत आणणे, ही जबाबदारी काय असते ते आम्ही जाणतो. त्या अनुभवावरून आम्ही ज्ञातिबांधवांस सुचवितो, की घरून निघताना पाण्याचे भांडे, ताटली व वाटी अवश्य न्यावी. बाबांचे गाडगे ते हेच. पहिल्या दोन दिवसांची शिदोरी म्हणून मुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे व कोरडी चटणी बांधून घ्यावी. शहरात सकाळी पोहे व चण्याची तर्री, दुपारी वरण-भात व एक भाजी, रात्री भाकर वा पोळी-उसळ, आणि मध्ये केळी व ताक, एवढ्यात निरोगी मनुष्याचे सहज भागते. अन्न समोर शिजलेले व गरम असावे. कापून उघड्यावर ठेवलेली फळे घेऊ नयेत. सोलून खाण्याजोगे फळ घ्यावे. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांत मासे-मटण चालते, हे आम्ही जाणतो. परंतु परगावी, अनोळखी दुकानात, ते केव्हाचे आहे हे कळत नाही आणि किंमतही दुप्पट पडते. तेथे तरी शाकाहार हाच शहाण्याचा मार्ग होय. सर्वांत आधी मात्र, रुग्णालयाच्या आसपास धर्मशाळा वा अन्नछत्र कोठे आहे याची चौकशी करावी. तेथे जाण्यात पुष्कळांस लाज वाटते. ती लाज खोटी आहे. ज्या घरास गाडगे महाराजांनी दार ठेविले, त्या दारातून आत जाण्यात कोणास कसला कमीपणा?

शेवटी आमची एक सूचना आहे. आपला भाग धानाचा. कापणी-मळणी आटोपली, की प्रत्येक घरी तांदळाची रास पडते. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाने एक पायली तांदूळ मंडळाकडे जमा करावा आणि नागपुरास रुग्ण घेऊन जाणाऱ्या कुटुंबास, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, मंडळाने त्यांतून पंधरा दिवसांचा शिधा द्यावा. यास मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही. एका तेरवीच्या पंगतीत जेवढे अन्न आपण शिजवितो, तेवढ्यात अशा कित्येक कुटुंबांचा मुक्काम निभावेल. ज्या घरात यंदा तेरवी होईल, त्या घराने पंगत आटोपशीर करून उरलेले धान्य या कामी दिले, तर मृताच्या आत्म्यास त्याहून अधिक समाधान कशाने लाभणार?

बाबांच्या प्रतिमेस हार घालणे सोपे आहे आणि ते आपण दरवर्षी मनोभावे करतो. त्यांची जात आपली होती, हेही आपण अभिमानाने सांगतो. ते स्वतः मात्र सांगत नसत, कारण भुकेल्यास अन्न देताना त्यांनी कधी कोणाची जात विचारली नाही. त्यांचे आपण वारस असू, तर येत्या हंगामातील पहिली पायली मोजताना साकोलीहून नागपुरास निघालेल्या त्या अनोळखी कुटुंबाचे स्मरण ठेवावे, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.